एस. पाटील यांचा माग

रात्री पाऊस पडून गेला की सकाळी आमच्या न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर रेघा दिसतात. यंदा मृग कोरडाच गेला. आर्द्रा निम्मी सरल्यावर पाण्याने तोंड दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले तर भिंतभर चंदेरी रेघा. वेड्यावाकड्या, मध्येच तुटलेल्या, पपईच्या बुंध्याकडून निघून पत्र्याकडे गेलेल्या. त्यातल्या दोन खालच्या अंगाला चांगल्या हातभर लांब होत्या. नळाच्या वर एक रेघ वळून दुसरीला मिळाली होती, आणि तिथून पुढे एकच रेघ होती, जरा जाड.

मी किती वेळ बघत होते कोण जाणे. चहावर साय धरली.

“काय देखी राहिनी वं?” ओट्यावरून सासूबाईंचा आवाज. वय ८८, नजर अधू, पण सून कामाशिवाय उभी आहे हे त्यांना भिंतीपलीकडूनही कळतं.

“गोगलगाय आहे, माय.”

“मीठ लई ये.”

आमच्या घरात गोगलगायीचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत संपतं. मीठ आणलं नाही. आणते म्हटलं आणि तिथेच उभी राहिले.

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण वापरतो ती वरून साधं दिसणाऱ्या, आतून बेरक्या माणसाला. मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, आणि गॅस्ट्रोपोडा शिकवताना दरवर्षी पहिलं वाक्य हीच म्हण असायची. गॅस्टर म्हणजे पोट, पोड म्हणजे पाय. मराठी पुस्तकात ‘उदरपाद’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो पाठ करायला लागतो. आपल्या आज्यांनी ग्रीक न शिकता तेच नाव ठेवलं होतं, आणि वर स्वभावही सांगून ठेवला होता.

त्या पोटातल्या पायाचं काम मात्र बेरकी नाही, महागडं आहे. पाय एकच, आणि तो उचलून पुढे टाकायची सोय नाही. म्हणून ती आपल्यापुढे स्वतःच्या अंगातूनच रस्ता अंथरते. हा चिकटा म्हणजे जवळपास सगळं पाणीच, पण त्यात थोडी प्रथिनं आणि साखरेच्या लांब साखळ्या असतात, त्यामुळे तो अजब वागतो. दाब नसला की घट्ट, भिंतीला धरून ठेवणारा. पायाच्या स्नायूची लाट येऊन दाब पडला की पातळ. लाट गेली की परत घट्ट. मार्क डेनी नावाच्या संशोधकाने १९८० साली एका मोठ्या बिनशंखाच्या गोगलगायीवर याचा हिशोब मांडला. तेवढ्याच वजनाच्या धावणाऱ्या प्राण्याला तेवढंच अंतर कापायला जो खर्च येतो, त्याच्या सुमारे १२ पट खर्च हिला येतो, आणि त्यातला मोठा वाटा हा चिकटा तयार करण्यातच जातो. म्हणजे भिंतीवर सकाळी दिसते ती तिच्या खाल्ल्या अन्नाची सांडलेली रेघ. एवढं महाग काही मागे टाकून द्यायचं, तर त्याचा कुणाला तरी उपयोग होतच असणार.

कुणाला, ते मला खूप उशिरा कळलं. प्रश्न मात्र १९८४ साली पडला होता, रत्नागिरीला.

आम्ही खान्देशातली माणसं समुद्राच्या बाबतीत तशी अडाणी. तापी आमच्या शिवारातून जाते, सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते, तिला सगळं ठाऊक. आम्हाला ठाऊक फक्त तिचा पूर. बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलं की एक समुद्रसहल सक्तीची असे, आणि वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचा तो पहिला समुद्र असे. एस.टी.ने रात्र, दिवस आणि पुन्हा निम्मी रात्र. सोबत दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी. रत्नागिरीला उतरलो तेव्हा पहाट होती आणि भरती होती. आमच्यातल्या एका मुलीने पाणी चाखून बघितलं आणि “खरंच खारट शे वं!” म्हणून ओरडली. आम्ही हसलो. मग एकेकीने हळूच चाखलं.

ओहोटीला सरांनी खडकांवर नेलं. पाण्याच्या रेषेच्याही वर, जिथे फक्त लाटांचे शिंतोडे पोचतात तिथे, काळ्या खडकाच्या भेगांत हरभऱ्याएवढे करड्या शंखांचे किडे. किडे म्हटल्यावर सर चिडले. गोगलगायी आहेत, म्हणाले, समुद्राच्या. भरतीला भिजतात, ओहोटीला दार लावून बसतात. आम्ही सबमिशनसाठी बाटल्यांत भरून घेत होतो तेव्हा मी विचारलं, सर, एवढ्या लाटा, एवढा खडक, एवढासा जीव, मग यांना जोडीदार सापडतो कसा?

सर म्हणाले, “चाटत चाटत.”

मुलांच्या बाजूने हशा उठला. आम्ही मुली खाली बघायला लागलो. प्रश्न तिथेच राहिला, आणि सहलीच्या अहवालात मी फक्त शंखाची लांबी-रुंदी लिहिली.

सर चुकीचं सांगत नव्हते. जमिनीवरची गोगलगाय बहुतेक करून नर-मादी दोन्ही एकाच अंगात घेऊन फिरते, त्यामुळे समोर येईल ती आपलीच. समुद्रातल्या बहुतेक जातींत तसं नाही, नर वेगळा, मादी वेगळी. त्या खडकावरच्या घराण्याला लिटोरिनिडी म्हणतात, इंग्रजांच्या किनाऱ्यावर त्यांना पेरिविंकल म्हणतात. त्यांना हाक मारता येत नाही. डोळे आहेत, पण स्थळ पारखण्याच्या कामाचे नाहीत. आणि वेळ थोडा: भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, त्यातला ओलसर राहणारा काळ तेवढाच चालायचा. अशा वेळी नर काय करतो, तर खडकावर आडव्या येणाऱ्या रेघा तपासतो. डोक्यावरच्या शिंगांनी आणि तोंडाने चाचपत. एखादी रेघ मादीची निघाली की तिच्यावर चढतो आणि ती नेईल तिकडे जातो. रेघेच्या टोकाला मादी असते.

आणि हे बाराही महिने नाही. युरोपच्या खडकांवरच्या पेरिविंकलवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर माद्यांच्या रेघांवरून जाताना दिसले ते विणीच्या हंगामात. हंगाम संपला की तीच रेघ, तोच नर, पण त्याला काही देणंघेणं नाही. हाँगकाँगच्या खारफुटीत झाडावर राहणाऱ्या याच घराण्यातल्या एका जातीवर २०११ साली काम झालं, तिथेही तेच. हंगामात नर मादीची रेघ धरतो, एरवी ओलांडून जातो. आमच्याकडे तुळशीचं लग्न लागेपर्यंत कुणी स्थळाचा विषय काढत नाही, आणि लागलं की दुसऱ्या दिवसापासून एस.टी.त निम्मी माणसं मुली बघायला निघालेली असतात, ते मला आठवलं.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दिशेची. रेघ सापडली हे एक झालं. पण ती गेली कुठल्या बाजूला? उलट्या बाजूने गेलं तर मादी राहील पाठीमागे आणि नर पोचेल तिच्या कालच्या बिळात. तर बहुतेक वेळा नर उलटा जात नाही. रेघेतच काहीतरी असतं, चव म्हणा, पोत म्हणा, ज्यावरून त्याला पुढचं आणि मागचं टोक कळतं.

दिशा कळणं हे मोठं काम आहे. आमच्या आजोबांच्या गावाला जागल्या होता, त्याच्या गोष्टी त्यांनी सांगितलेल्या. गावात चोरी झाली की जागल्याने माग काढायचा. धुळीतलं पाऊल बघून माणूस जाताना ओझं घेऊन गेला की रिकामा, हे तो सांगायचा. माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग शिवेपलीकडे गेला हे दाखवता आलं की आपलं गाव सुटलं, पुढचं ते बघतील. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली या मुलखाचा जो अहवाल लिहिला त्यातही ही पद्धत आहे. भिल्ल आणि रामोशी या कामात तरबेज. मला लहानपणी वाटायचं, माग हवाली करतात म्हणजे काय करतात? दोरीसारखा गुंडाळून देतात? त्यात आमच्या गल्लीत विणकराचं घर होतं आणि त्याच्याकडेही माग होता, खटखट वाजणारा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ माझ्या डोक्यात बरेच दिवस एकमेकांत अडकून राहिले. अजूनही कुणी ‘माग काढला’ म्हटलं की मला आधी सूत दिसतं.

आता ज्या मागासाठी मी हे लिहायला बसले तो. तो तालुक्याच्या कॉलेजच्या लायब्ररीतला आहे.

तेव्हा पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचा खिसा चिकटवलेला असे आणि त्यात एक कार्ड. पुस्तक घेणाऱ्याने त्यावर तारीख आणि नाव लिहायचं, कार्ड काउंटरवर द्यायचं. पुस्तक परत आलं की कार्ड परत खिशात. म्हणजे कुठलंही पुस्तक उघडलं की आपल्या आधी ते कुणी कुणी नेलं त्याची यादी हातात. आजच्या मुलांना सांगितलं तर म्हणतील, हे खासगी नाही का? खासगी हा शब्द तेव्हा शाळांना लावायचे.

पहिल्या वर्षी मी कार्डावर पूर्ण नाव लिहायची. वळणदार अक्षरात, कारण अक्षर चांगलं होतं आणि ते दाखवायला दुसरी जागा नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पुन्हा आणलेल्या पुस्तकांत चिठ्ठ्या निघायला लागल्या. पहिली नुसतीच ‘आपले अक्षर सुंदर आहे’. दुसरीत शेर. शुद्धलेखनाच्या चुका मोजून चार. कोण होता ते आजपर्यंत कळलेलं नाही. मला भीती वाटली आणि थोडं बरंही वाटलं, आता खोटं कशाला बोलू. तिसरी चिठ्ठी माझ्या हाती यायच्या आधी काउंटरवरच्या माणसाच्या हाती लागली. तो काकांच्या ओळखीचा. संध्याकाळी काका घरी आले, पाणीही घेतलं नाही, वडिलांशी ओट्यावर खालच्या आवाजात बोलले. मला कॉलेज पंधरा दिवस बंद. मी काहीच केलं नव्हतं हे सगळ्यांना मान्य होतं, तरी बंद. आईने सोळाव्या दिवशी सकाळी माझा डबा भरून दारात ठेवला आणि कुणाकडे न बघता भाकरी थापत बसली. त्यावर कुणी काही बोललं नाही. मी गेले.

रेघ ज्याच्यासाठी असते तोच ती वाचतो असं नाही. ‘रोझी वुल्फ’ म्हणून एक गोगलगाय आहे, अमेरिकेच्या आग्नेय भागातली, ती दुसऱ्या गोगलगायींच्या रेघा धरून जाते आणि टोकाला पोचली की त्यांना खाते. तिच्या ओठांना दोन्ही बाजूंना मिशांसारखे लांब भाग असतात, त्यांनी ती रेघ चाखत जाते. आपल्या जातीच्या रेघेवरूनही जाते, ती जोडीदारासाठी. एकच कला, दोन कामं. हिला माणसानेच बोटीने फिरवलं. मोठी आफ्रिकन शंखी गोगलगाय जगभर पसरली होती. आपल्याकडे ती १८४७ साली बेन्सन नावाच्या शंखांच्या शौकीन साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, आणि आता २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडच्या सोयाबीनचा तिने काय हाल केला ते आपण वाचलं. तर हिचा बंदोबस्त करायला पॅसिफिकमधल्या बेटांवर वुल्फ सोडली. मूरिया बेटावर १९७७ साली. तिने मोठ्या शंखीला फारसं काही केलं नाही. तिला सापडल्या त्या झाडांवर राहणाऱ्या पार्टुला नावाच्या लहान देखण्या गोगलगायी, ज्यांनी आपल्या रेघांचा असा वाचक कधी बघितला नव्हता. दहा वर्षांत त्या रानातून जवळजवळ संपल्या. काही जाती आज दिसतात त्या प्राणिसंग्रहालयांत आधीच नेऊन वाढवल्या होत्या म्हणून.

काउंटरवरच्या त्या माणसाला मी वुल्फ म्हणत नाही. त्याला वाटलं असेल, मुलीच्या भल्याचं. पण सोळाव्या दिवशी मी लायब्ररीत गेले तेव्हा कार्डावर ‘एस. पाटील’ एवढंच लिहिलं. अक्षरही मुद्दाम बिघडवलं.

खान्देशात पाटील हे आडनाव लपायला फार चांगलं आहे. हजेरीत आमच्या वर्गात अकरा पाटील होते, चौधरी आणि महाजन निराळे. त्यात ‘एस’ने सुरू होणारे मुलं-मुली मिळून चार. मी त्या चौघांत मिसळून गेले.

हेच काम एक समुद्री गोगलगाय करते हे मला चाळीस-एक वर्षांनी वाचायला मिळालं. लिटोरिना सॅक्साटिलिस तिचं नाव, उत्तर अटलांटिकच्या खडकांवर राहते. स्वीडनच्या केर्स्टिन योहानेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घराण्यातल्या चार जातींचे नर वेगवेगळ्या रेघांवर सोडून बघितले. तीन जातींचे नर मादीची रेघ दूरवर धरून गेले, नराची लवकर सोडली. चौथीच्या, म्हणजे या सॅक्साटिलिसच्या नरांना फरकच कळेना. नराच्या रेघेवरूनही तेवढेच जातात, मादीच्याही. बरं, हे नर मठ्ठ म्हणावेत तर तसंही नाही. याच जातीचे नर आपल्या मापाच्या मादीची रेघ निवडतात हे त्याच गटाने आधी, २००८ साली दाखवलं होतं. मग नर की मादी एवढंच कसं कळत नाही? २०१० साली त्यांनी उत्तर सुचवलं: मादीच ते कळू देत नाही. आपल्या रेघेतली ‘मी मादी आहे’ ही खूण तिने काढून टाकली आहे.

कारण असं की ही जात दाटीवाटीने राहते. नर शोधायची तिला गरजच नाही, टाळायची आहे. प्रत्येक भेटीत नर तिच्या शंखावर चढून बराच वेळ बसतो. ओझं त्याचं, लाटेत निसटून पडायचा धोका तिचा, आणि चरायचा वेळ जातो तो वेगळाच. एवढं लपूनही तिच्या पोटातल्या पिल्लांची जनुकं तपासली तेव्हा एकेका मादीच्या पिल्लांचे १५ ते २३ बाप निघाले. हा आकडा मी घरात जेवताना सांगितला. मुलगा भाजीकडे बघत राहिला, सून ठसका लागेपर्यंत हसली.

मला त्या रेघेत कुणी स्वच्छंदी बाई दिसली नाही. मला दिसली कार्डावर अक्षर बिघडवणारी मुलगी.

आता नवऱ्याची गोष्ट. ही तो लग्नकार्यात, साखरपुड्यात, कुणी विचारो न विचारो, सांगतो. आम्ही एका वर्गातले. कॉलेजात एकमेकांशी चार वाक्यंही बोललो नव्हतो, मुलं डाव्या बाजूला, मुली उजव्या. लग्नानंतर सासूबाईंसमोर तो ‘ते’ झाला, एरवी आजही ‘तू’च आहे. तर त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्या वर्षी त्याला माझ्याशी बोलायचं होतं आणि बोलायला विषय नव्हता. म्हणून त्याने ठरवलं, ही काय वाचते ते आपण वाचायचं. कार्डावर ‘एस. पाटील’ दिसलं की ते पुस्तक घ्यायचं.

सबंध सत्र तो एस. पाटील यांच्या मागे होता. चौदा पुस्तकं. त्यात कुस्तीचे डावपेच होते, हात बघून भविष्य सांगण्याची विद्या होती, तीन रहस्यकथा होत्या, आणि शेळीपालन होतं. शेळीपालनाचं त्याने दोनदा वाचलं. तो सांगतो, “मला वाटलं, मुलगी शेळ्यांचं वाचते म्हणजे घरची जबाबदार असणार.” जमनापारी आणि उस्मानाबादी यांतला फरक त्याने पाठ केला होता, मला सांगायला. पंधराव्या पुस्तकाला काउंटरवर एक आडदांड मुलगा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काय रे भो, तू मन्हा मांगे का बरं लागेल शे?”

तो होता एस. पाटील. पारोळ्याकडच्या खेड्यातला, हॉस्टेलवर राहणारा, पुढे शेळ्या पाळायच्या म्हणून झूलॉजी घेतलेला. त्याने शेळ्या पाळल्या नाहीत. एल.आय.सी.त लागला. पण त्या दिवसापासून दोघांची जी मैत्री जमली ती आजवर टिकली. आमच्या सोयरिकीचं बोलणं काढायला आमच्या घरी पहिल्यांदा आला तो हाच, मध्यस्थ म्हणून, नवऱ्याच्या मोठ्या भावाबरोबर. वडिलांनी त्याला विचारलं, मुलगा कसा आहे? तो म्हणाला, “वाचणारा शे. काहीबी वाचस.” माझ्या मुलांचा तो शेळीमामा.

नर दुसऱ्या नराच्या रेघेवरून शेवटपर्यंत गेला तर पुढे काय होतं, हे निबंधात होतं. तो त्याच्याही शंखावर चढतो, आणि थोड्या वेळाने उतरतो. त्यांची मैत्री होते असं कुठे लिहिलेलं नाही.

एक आठवलं म्हणून सांगते. रेघेवरून जाणारा प्रत्येक जण जोडीदारासाठीच जातो असं मानू नये. त्याच युरोपीय पेरिविंकलवर डेव्हिस आणि ब्लॅकवेल यांनी २००७ साली मोजमाप केलं. दुसऱ्याच्या ताज्या रेघेवरून चालणारी गोगलगाय स्वतःचा चिकटा कितीतरी कमी खर्च करते. आयता रस्ता. कुणीतरी आधी अंथरून ठेवलाय, आपण वरून जायचं. तिसऱ्या वर्षी माझ्या पुस्तकांना एकदम मागणी आली, तेव्हा मैत्रिणी चिडवायच्या. पण मी पुस्तकात पेन्सिलीने महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायची, नियमाविरुद्ध, आणि परीक्षेच्या आधी मुलांना तेवढ्याच ओळी वाचायच्या असायच्या. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. माझ्या रेघांवर निम्मा वर्ग पास झाला.

गेल्या महिन्यात शेळीमामा आला तो एक पिशवी घेऊन. कॉलेजची लायब्ररी कॉम्प्युटरवर जाऊन बरीच वर्षं झाली. जुनी कार्डं पोत्यांत भरून ठेवलेली होती, ती या उन्हाळ्यात रद्दीत निघाली. त्याचा पुतण्या तिथे नोकरीला आहे. शेळीमामाने अर्धा दिवस पोत्याजवळ बसून आमच्या वर्षांची निवडली. “ल्या, तुमनं प्रेमपत्र,” म्हणाला. नवरा खूश. शेळीपालनाचं कार्ड त्याला सापडलं, ते त्याने फ्रेम करायला दिलं. खरंच दिलं. आता ते हॉलमध्ये लागणार आहे आणि येईल त्याला गोष्ट ऐकावी लागणार आहे.

दुपारी दोघं जेवून आडवे झाले तेव्हा उरलेली कार्डं घेऊन मी बसले. पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. अपृष्ठवंशीय प्राण्यांचा एक जाडजूड ग्रंथ होता, लायब्ररीत त्याच्या तीन प्रती. एका प्रतीचं कार्ड मिळालं. तिसऱ्या वर्षाचं. ८ ऑगस्ट, नवऱ्याचं नाव, पूर्ण, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात. त्याखाली १९ ऑगस्ट, एस. पाटील, बिघडवलेलं अक्षर. माझं. शेळीमामाचं अक्षर मला ओळखता येतं, तो ‘ट’ला शेपूट काढतो.

एखादा योगायोग असेल म्हणून आणखी शोधलं. एका कादंबरीचं कार्ड: सप्टेंबर, तो. दहा दिवसांनी मी. प्रवासवर्णन: तो, मग मी. आनुवंशिकतेचं तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतंच, तरी तो, आणि त्याच्या लगेच खाली मी.

मला हे आठवत नव्हतं असं म्हणायला मन धजत नाही. आठवत होतं. पण त्याची गोष्ट इतकी वर्षं इतकी छान चालली होती की तीच खरी झाली होती. त्याने ज्या सत्रात चौदा पुस्तकं चुकीच्या पाटलाच्या मागे वाचली, ते संपलं दुसऱ्या वर्षी. ही कार्डं त्याच्या नंतरची. तो थांबला होता. आणि कार्डावरून पुढचं टोक कुठलं, मागचं कुठलं, हे कळायला गोगलगायीची जीभ लागत नाही, तारखा असतात.

डार्विनच्या १८७१ सालच्या पुस्तकात एक छोटी हकीकत आहे. लॉन्सडेल नावाच्या गृहस्थाने त्याला सांगितलेली. त्यांनी एका उजाड बागेत जमिनीवरच्या गोगलगायींची जोडी सोडली, त्यातली एक अशक्त होती. थोड्या वेळाने धडधाकट होती ती दिसेना. रेघ बघितली तर ती भिंत चढून शेजारच्या हिरव्यागार बागेत गेलेली. लॉन्सडेलना वाटलं, आजाऱ्याला टाकून गेली. चोवीस तासांनी ती परत आली, आणि मग दोघी त्याच रेघेवरून भिंतीपलीकडे गेल्या. परत येऊन तिने काही सांगितलं असावं असं डार्विनला वाटलं. आजचे अभ्यासक म्हणतील, सांगायचं काय त्यात, रेघ होती ना. मला डार्विनचं ऐकावंसं वाटतं. पण रेघ ओळखता येणं आणि तिच्यावरून निघणं यांतही थोडं अंतर असतं, ते त्या अशक्त गोगलगायीने कापलं, त्याबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “काही सापडलं का गं तुझं?”

“नाही रे, सगळे पाटीलच पाटील आहेत.”

ती चार कार्डं मी रेशनच्या जुन्या कार्डात घालून कपाटात ठेवली. आज सकाळी पुन्हा पाऊस होता. भिंतीवर जुन्या रेघा धुऊन गेल्या होत्या, नळाजवळ एक नवी होती, अजून ओली. सासूबाईंनी ओट्यावरून विचारलं, मीठ टाकलं का?

टाकलं म्हटलं, माय.